पिझ्झा पार्टीचे तीन तास

लेकीच्या स्विमिंग क्लबात दर दोन वर्षांनी पालकांपैकी कुणालातरी खजिनदार व्हावं लागतं. २०२४ च्या सुरुवातीला अशाच एका मीटिंगला अस्मादिक दहा मिनिटं उशिरा पोचले, तोवर निवड बिनविरोध झालेली होती. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना, मग एक्सेल येतच असेल," एवढीच काय ती पात्रता. मंडळी, तेव्हापासून एक शहाणपण आलंय. बे एरियात पालकांच्या कुठल्याही मीटिंगला वेळेवर जावं. न जाणाऱ्याला सेक्रेटरी करतात आणि उशिरा येणाऱ्याला खजिनदार.

काम तसं फार नाही. क्लब छोटा, ना-नफा तत्त्वावर चालणारा, मुलं ९६. मुख्य कोचला वार्षिक पगार आहे. त्याच्या हाताखाली चार असिस्टंट कोच, सगळे विशी-बाविशीतले, कॉलेजात शिकणारे, ताशी चोवीस डॉलरवर. दर दोन आठवड्यांनी ही पोरं आपापली टाइमशीट भरतात, मी रविवारी सकाळी चहा पीत पीत ती बघतो आणि 'अप्रूव्ह' दाबतो. बहुतेक वेळा न बघताच दाबतो, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

ऑगस्ट २०२५ मधल्या एका रविवारी मात्र बघितलं. लेकीच्या गटाला शिकवणाऱ्या मुलीच्या टाइमशीटमध्ये एक ओळ होती : शनिवार, ३.३० ते ६.३०, पार्टी. तीन तास, बहात्तर डॉलर.

पार्टी म्हणजे सीझन संपल्यावर बागेत होते ती. पिझ्झा, कलिंगड, पाण्याचे फुगे, शेवटी केक. तिथे पोहणं नाही, स्टॉपवॉच नाही, काहीच नाही. आपण खाल्लेल्या पिझ्झ्याचे वर आपणच पैसे मागायचे? मी ती ओळ परत पाठवली आणि सोबत अत्यंत सभ्य ईमेल लिहिलं की हा सोशल इव्हेंट आहे, कोचिंग नाही, तर कृपया काढून टाकशील का. दहा मिनिटांत उत्तर आलं. "ओके, सॉरी! काढलं." मी अप्रूव्ह दाबलं, चहा संपवला आणि क्लबाचे बहात्तर डॉलर वाचवल्याच्या आनंदात कुत्र्याला फिरवायला घेऊन गेलो.

हे असं का केलं त्याचं कारण नंतर बराच वेळ शोधत होतो. कंजूषपणा म्हणावा तर पैसे माझे नव्हते. मला वाटतं डोक्यात आमचे पी.टी.चे सर होते. पुण्याला शाळेत असताना आमची खो-खोची टीम होती आणि सामने नेमके रविवारी असायचे. सर सकाळी सहाला लुनावर हजर. सामना हरलो तरी स्वतःच्या खिशातून बारा पोरांना मिसळ घालायचे. त्यांनी कधी कुणाकडे तासांचा हिशेब मागितला असता तर शाळेची भिंत खचली असती. खेळ शिकवणारा माणूस असा असतो, हे तेव्हापासून मनात पक्कं बसलेलं. आणि ही पोरगी पिझ्झ्याचे तास लावते!

रात्री जेवताना मोठ्या फुशारकीने ही गोष्ट घरी सांगितली. बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे. ती जेवता जेवता थांबली.

"अरे, तू तिला ते काढायला सांगितलंस?"

"मग? पार्टी होती ती."

"आमच्याकडे स्टाफ मीटिंगला डोनट असतात. मी पंच करूनच आत जाते. डोनट खाताना सुद्धा मी कामावरच असते."

"ते हॉस्पिटल आहे. हा मुलांचा क्लब."

"तासावर काम करणाऱ्याला त्याने काय फरक पडतो?" असं म्हणून तिने आमटी वाढून घेतली. मी विषय बदलला. आमच्या घरात हरणारा विषय बदलतो.

गोष्ट इथेच संपली असती. पण ऑक्टोबरात मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी एका पालकांच्या घरी पास्ता पार्टी होती, आणि तिला ही पोरगी आली नाही. बाकीचे तीन कोच होते, ती नव्हती. लहान पोरं सारखी विचारत होती, कोच कुठाय, कोच कुठाय. एक बाई पास्ता वाढता वाढता म्हणाल्या, "आजकालच्या पोरांना नुसते पैसे हवेत, जीव लावायला नको." दुसऱ्या दिवशी पूलवर मुख्य कोच तिला सगळ्यांसमोर हसत हसत म्हणाला, "काल तुझी आठवण काढली हं सगळ्यांनी." हसत हसत म्हणाला, पण हे 'हसत हसत' काय असतं ते नोकरी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

स्विमिंगच्या स्पर्धेत पालकांनाच घड्याळ घेऊन लेनच्या टोकाला उभं करतात. त्या दिवशी माझी पाळी होती. दोन शर्यतींच्या मध्ये ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. विषय मीच काढला, काल आली नाहीस म्हणून. ती म्हणाली, शनिवारी दुपारी ती दुसऱ्या एका पूलवर लहान मुलांना खाजगी शिकवणी देते. अर्ध्या अर्ध्या तासाच्या शिकवण्या, त्यावर तिचं घरभाडं निघतं. ऑगस्टच्या पार्टीसाठी तिने त्या सगळ्या रद्द केल्या होत्या.

"मला वाटलं ते कामच आहे," ती म्हणाली. "मग तुम्ही सांगितलंत की ते काम नाही. म्हणून या वेळी मी कामाला गेले."

टोमणा नव्हता हो. खरंच नव्हता. मी बग दाखवल्यावर ज्युनिअर इंजिनिअर जसा "अच्छा, तसं आहे होय" म्हणतो, त्या सुरात बोलली. तेवढ्यात शिट्टी झाली, पोरं ब्लॉकवर चढली, आणि माझं घड्याळ अर्धा सेकंद उशिरा सुरू झालं.

त्या रात्री ऑगस्टची पार्टी पुन्हा आठवून बघितली. मी तिथे पूर्ण वेळ होतो, झाडाखाली खुर्ची टाकून, एका मराठी बाबाशी घरांच्या किमतींवर बोलत. ती काय करत होती? आल्या आल्या तिने केकच्या डब्यावरचं लेबल वाचलं, कारण तिच्या गटातल्या एका मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. आम्हा पालकांपैकी कुणालाही ते सुचलं नव्हतं. फुग्यांच्या रिलेचं पंच तीच. दोन पोरं एकमेकांवर धावून गेली तेव्हा मध्ये पडली ती. आणि शेवटी सव्वासहाला पार्टी आटोपली तरी एका मुलाचे वडील आलेच नव्हते. एकेक जण निघून गेला. मीही चाललो होतो तर ती धावत आली, "प्लीज, तुम्ही थोडं थांबता का? मला त्याच्याबरोबर एकटीला थांबता येत नाही." मला आठवतंय, मी मनात चरफडलो होतो. वडील आले सातला पाच कमी असताना. तिने टाइमशीटमध्ये लिहिलं होतं साडेसहा.

'एकटीला थांबता येत नाही' हा तिचा चोखंदळपणा नाही, नियम आहे. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्समधलं लैंगिक अत्याचारांचं भयंकर प्रकरण बाहेर आल्यानंतर २०१७ मध्ये 'सेंटर फॉर सेफस्पोर्ट' ही संस्था सुरू झाली, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत केंद्राचा कायदा झाला. मुलांवर अत्याचार झाल्याचा संशय आला तरी अशा खेळांतल्या प्रौढांनी चोवीस तासांत कळवलं पाहिजे असं त्यात आहे. २०१९ पासून स्विमिंगच्या क्लबांनाही ठरावीक नियमावली आली. कोच आणि मूल एकटे असतील तर ते इतरांना दिसेल अशा जागी असले पाहिजेत, मेसेज पाठवायचा तर पालकांना त्यात ठेवलं पाहिजे, पालकांच्या संमतीशिवाय एकट्या मुलाला गाडीतून सोडता येत नाही. त्याशिवाय पार्श्वभूमीची तपासणी, प्रशिक्षण, सीपीआर. आणि हे नियम पूलच्या कुंपणापाशी थांबत नाहीत. बागेत, पिझ्झ्याच्या टेबलापाशी, पास्ता वाढताना सुद्धा ती त्यांना बांधलेली. झाडाखालच्या माझ्या खुर्चीला यातलं काही लागू नव्हतं. तिथे पाहुणा मी होतो. ती नव्हती.

मग आपण जे करतो ते केलं, म्हणजे रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसलो. (वकील नाही, त्यामुळे हे सगळं सॉफ्टवेअरवाल्याने डॉक्युमेंटेशन वाचावं तसं वाचलेलं आहे असं धरून चाला.) अमेरिकेचा किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा मूळ कायदा १९३८ चा. त्यात 'कामावर ठेवणं' याची व्याख्या मजेशीर रुंद आहे. मालकाने काम करवून घेतलं काय किंवा नुसतं होऊ दिलं काय, दोन्ही त्यात येतं. मीटिंगा, प्रशिक्षण आणि तत्सम कार्यक्रम कामाचे तास न धरण्यासाठी सरकारच्या नियमांत चार अटी दिल्यात आणि चारही एकदम पूर्ण व्हाव्या लागतात. वेळ कामाच्या बाहेरची हवी, येणं ऐच्छिक हवं, विषय कामाशी थेट संबंधित नको आणि तिथे काही काम झालेलं नको. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर मध्ये 'अँड' आहे, 'ऑर' नाही. आमची पार्टी पहिल्या अटीत पास, चौथीत सरळ नापास.

दुसरी अट मात्र खरी गंमतीची. ऐच्छिक म्हणजे काय हेही तिथेच लिहिलंय. न आल्याने नोकरीवर किंवा कामाच्या परिस्थितीवर वाईट परिणाम होईल असा माणसाचा समज करून दिला असेल, तर ते ऐच्छिक नाही. आता ते पूलवरचं 'काल तुझी आठवण काढली हं' पुन्हा वाचा.

उलट बाजूचं काही नाही असं नाही. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत शाळेचा एक सुरक्षा कर्मचारी गोल्फच्या टीमला शिकवायचा आणि त्याबद्दल ठरावीक मानधन घ्यायचा. त्याने ओव्हरटाइमसाठी दावा लावला. २०११ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की गोल्फपुरता तो स्वयंसेवक, ओव्हरटाइम नाही. वाचून मला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तो माणूस सीझनच्या ठोक रकमेवर होता, त्याची मुख्य नोकरी वेगळी होती. आमची पोरगी तासावर आहे, आणि तासावर ठेवायचं आम्हीच ठरवलंय.

त्यात हे कॅलिफोर्निया. इथे स्टारबक्सच्या एका शिफ्ट सुपरवायझरचा खटला गाजला होता. दुकान बंद करताना तो आधी घड्याळावर आउट व्हायचा, मग कॉम्प्युटरचं काम, अलार्म, कुलूप, असं दररोज चार ते दहा मिनिटं फुकट. सतरा महिन्यांचे मिळून झाले १२ तास ५० मिनिटं. त्याच्या दराने १०२ डॉलर ६७ सेंट. इतक्या किरकोळ रकमेसाठी प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१८ मध्ये कोर्ट म्हणालं की नियमितपणे होणारं काम असेल तर थोडंसं आहे म्हणून ते सोडून देता येणार नाही. एखाद्याच्या आठवड्याचा किराणा त्यात येतो, असंही म्हणालं. मी बहात्तर डॉलर काढून टाकायला दहा मिनिटं सुद्धा घेतली नव्हती.

असो. कायदा एकीकडे. खरं मला झोपू देईना ते आमच्या सरांचं प्रकरण. कारण एक साधी गोष्ट तीस वर्षं माझ्या लक्षात आली नव्हती. सरांना महिन्याचा पगार होता! अनुदानित शाळा, मे महिन्यात सुट्टी असली तरी पगार, पुढे पेन्शन. रविवार दिला तर त्या पगाराच्या पोटात तो कुठेतरी बसत होता. त्यांचा मोठेपणा त्याने कमी होत नाही, मिसळीचे पैसे त्यांचेच होते. पण या पोरीला मे महिन्यात सुट्टी दिली तर मे महिन्यात काहीच मिळत नाही. पूल दुरुस्तीसाठी चार दिवस बंद होता तेव्हा आम्ही तिला किती दिले? शून्य. तेव्हा घड्याळ आम्हाला एकदम आठवलं होतं. पाणी नसेल तेव्हा तासावर, पिझ्झा असेल तेव्हा गुरू, हे काही खरं नाही.

आणि स्वतःकडे बघा. आमच्या कंपनीची 'टीम आउटिंग' असते ती गुरुवारी दुपारी दोनला. हापिसच्या वेळात, कंपनीच्या खर्चाने बोलिंग. दोन तास चेंडू गटारात घालवून मी घरी येतो आणि महिनाअखेरीला पगार छदामाने कमी होत नाही. वर आम्ही कुरकुरतो की बोलिंगला पळवतात, काम राहतं!

नोव्हेंबरच्या कमिटीत विषय काढला. पाच जण होतो. पाचही पगारदार, हे मला बोलता बोलता जाणवलं. सहावा मुख्य कोच, तोही पगारदार. पार्ट्यांच्या तारखा ठरवणाऱ्या एकाही माणसाला पार्टीला गेल्याने एक डॉलरचं नुकसान होत नव्हतं.

पहिला आक्षेप अपेक्षित होता. मग काय बर्थडेला बोलावलं तरी पैसे द्यायचे? नाही. कुणा पालकाने घरी बोलावलं, ती आली तर आली, नाही आली तर कुणी विचारणार नाही, ती पाहुणी. पण क्लबाची पार्टी, क्लबाची मुलं, आणि तिच्या असण्यावर आपण पालक निर्धास्त झाडाखाली बसणार, ते काम. दुसरा आक्षेप एका बाईंचा, आणि तो मला आजही पूर्ण खोडता येत नाही. त्या म्हणाल्या, पैसे दिले की मुलांसाठी ती प्रेमाने येते हे जाईल. मी त्यांना आमच्या मंडळाच्या गणपतीचं उदाहरण दिलं. मी खुर्च्या उचलतो त्याचे पैसे घेत नाही, कारण मी मंडळाचा सभासद आहे. केटरिंगच्या काकू घेतात. त्यांचे मोदक माझ्या खुर्च्यांपेक्षा जास्त प्रेमाने केलेले असतात. बाई हसल्या, पटलं असं म्हणाल्या नाहीत. त्यांच्या म्हणण्यात काहीतरी आहेच. टाइमशीटवर 'पार्टी' असं लिहायला त्या पोरीला सुद्धा अवघड वाटलं असणार. नाहीतर दहा मिनिटांत 'सॉरी' आलं नसतं.

तिसऱ्याने मध्यममार्ग काढला. पार्टीचा दर वेगळा ठेवू, सतरा डॉलर. २०२५ चं राज्याचं किमान वेतन साडेसोळा होतं, तेव्हा आधी सांगून ठरवलं तर ते कायद्यात बसत होतं. बराच वेळ यावर खल झाला. शेवटी तो प्रस्ताव पडला तो कुठल्याही तत्त्वावर नाही. आमच्या पेरोलच्या सॉफ्टवेअरमध्ये एका माणसाला दोन दर लावणं हा जो काही छळ आहे तो मी सगळ्यांना स्क्रीनवर दाखवला. सॉफ्टवेअर वाईट असण्याने कुणाचं भलं झाल्याचं हे माझ्या पाहण्यातलं एकमेव उदाहरण.

ठरलं ते असं. वर्षात चार पार्ट्या. प्रत्येकीला दोन असिस्टंट कोच कामावर, नेहमीच्या दराने, आळीपाळीने. बाकीच्यांना आमंत्रण आहे, पण न येण्याबद्दल कुणी, हसत हसत सुद्धा, बोलायचं नाही. मुख्य कोचने तसं लेखी पाठवायचं. खर्च वर्षाला ५७६ डॉलर. ९६ मुलांवर वाटले तर डोई सहा डॉलर. पिझ्झ्याचं टॉपिंग एक कमी केलं तरी निघतील.

२०२५ मधल्या झालेल्या पार्ट्यांचे पैसे सगळ्या कोचना द्यायचे हेही मंजूर झालं, थोडी कुरकूर होऊन. मग कुणीतरी विचारलं, "आणि त्याच्या आधीचं?" इथे तीन वर्षांपर्यंतची थकलेली मजुरी मागता येते. मधल्या काळातले दोन कोच शिकून दुसऱ्या राज्यांत निघून गेलेत. टेबलावर थोडा वेळ शांतता झाली. मग अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला, लेन-दोऱ्यांची खरेदी. मीही काही बोललो नाही. हे लिहिताना ती शांतता सगळ्यात जास्त आठवते आहे. त्या दोघांचे पत्ते माझ्याच एक्सेलमध्ये आहेत.

डिसेंबरची पार्टी क्लबघरात झाली. पार्टीच्या शेवटी ती मुलांना 'पेपर प्लेट अ‍ॅवॉर्ड' देते. साध्या कागदी प्लेटवर मार्करने चित्र आणि प्रत्येक मुलासाठी वेगळं बक्षीस. आमची लेक काही पहिल्या तिनात येणारी नाही. गेल्या उन्हाळ्यात तर पोहणं सोडायचं म्हणत होती. ऑगस्टच्या पार्टीत तिला प्लेट मिळाली होती : टर्न मारल्यावर पाण्याखाली सगळ्यात लांब जाणारा मासा. खाली निळा मासा, चष्मा लावलेला, कारण लेकीला चष्मा आहे. ती प्लेट तिच्या पलंगाच्या वर भिंतीवर चिकटवलेली आहे, आणि सोडण्याचा विषय नंतर निघालेला नाही. चौदा मुलांच्या चौदा प्लेटा. त्या कधी काढल्या असतील याचा विचार मी ऑगस्टात केलाच नव्हता, आणि तिने तर ते तास तेव्हा लिहिलेही नव्हते.

गेल्या डिसेंबरातल्या त्या रविवारी टाइमशीट उघडलं. शनिवार, पार्टी, तीन तास. त्याच्या वर शुक्रवारची एक ओळ होती : प्लेटा, सव्वादोन तास, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह.

प्रश्नचिन्ह मी काढून टाकलं आणि अप्रूव्ह दाबलं.